किल्लारीचीं पोरकीं लेंकरें

इ. स. १९९३ च्या सप्टेंबर महिन्यांत, ३० तारखेच्या पहांटे, चार वाजण्याच्या सुमारास लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. दगडमातीचीं जाड भिंतींचीं घरें निजलेल्यांच्या अंगावर कोसळलीं, व सुमारें दहा हजार माणसें प्राणांस मुकलीं. किल्लारी व सास्तूर हीं नांवें तेव्हांपासून सर्वांच्या मुखीं झालीं.

धान्य, कापड व औषधें चोहोंकडून आलीं. परंतु जीं मुलें वांचलीं आणि ज्यांचे मायबाप वांचले नाहींत, त्यांची वाट काय? तान्ह्या लेंकरास कोणीहि कडेवर घेतो. बारा-पंधरा वर्षांच्या मुलास मात्र कामास जुंपण्याचा, मुलीचें लग्न उरकण्याचा मोह नातलगांस होतो. नाहींतर तें पोर आगगाडी धरून परमुलखास जातें.

हा धोका ओळखून भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतिलाल मुथ्था यांनीं भूकंपग्रस्त भागांतील सुमारें १२०० मुलें पुण्यास नेलीं. वाघोली येथें त्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय झाली. राष्ट्र सेवा दलाचे श्री. पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकारानें नळदुर्गाजवळ ‘आपलं घर’ उभें राहिलें. दोन्ही ठिकाणचें मर्म एकच. शिधा वाटून हात झाडले नाहींत. मुलांच्या शाळेचा भार वर्षानुवर्षें वाहिला.

संत जॉन बॉस्को यांनींहि १८४१ सालापासून तूरिन शहरांतील अनाथ पोरांस असेंच जवळ केलें. भाकरीबरोबर त्यांनीं अक्षरें दिलीं, आणि १८५३ सालीं चांभारकाम व शिंपीकाम शिकविण्यास आरंभ केला. कारण हातांत कसब नसलेला तरुण पुनः रस्त्यावरच येतो.

आज कायदाहि हें मानतो. २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वयें जिल्ह्याजिल्ह्यांत बालकल्याण समिति आहे, व अठरा वर्षें पुरीं होऊन बालगृहांतून बाहेर पडणाऱ्यास एकविसाव्या वर्षापर्यंत साह्य देण्याची तरतूद आहे. परंतु कायदा खोली भाड्यानें देत नाहीं, कीं सणाला जेवावयास बोलावीत नाहीं. तें काम शेजाऱ्यांचें आहे.

म्हणून, बंधुभगिनींनो, नांदेडच्या वा लातूरच्या स्थानकावर एकटें भांबावलेलें मूल दिसल्यास १०९८ ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें. आणि बालगृहांतून बाहेर पडलेला तरुण काम मागावयास दारीं आला, तर ‘तुझे आईबाप कोण?’ हें विचारण्यापूर्वीं ‘तुला काय येतें?’ असें विचारावें.