मोल्येर

(बाप्तिस्मा १५ जानेवारी १६२२–१७ फेब्रुवारी १६७३). फ्रेंच नट व नाटककार. मूळ नाव झां बातीस्त पॉकलँ. जन्म पॅरिसमध्ये. १६४३ मध्ये पिढीजात व्यवसाय नाकारून तो नाटकमंडळीत शिरला. कर्जापायी १६४५ मध्ये त्याला तुरुंगवास घडला. पुढे सु. तेरा वर्षे प्रांतोप्रांती प्रयोग केल्यावर, १६५८ मध्ये चौदाव्या लुईच्या कृपेने मंडळीस पॅरिसमध्ये रंगमंच लाभला. धार्मिक दांभिकतेचा उपहास करणाऱ्या त्याच्या ‘तार्त्यूफ’ (१६६४) ह्या सुखात्मिकेवर आलेली बंदी १६६९ मध्ये उठली. ‘लाव्हार’ (१६६८) ह्या नाटकावर आचार्य अत्रे यांचे ‘कवडीचुंबक’ आधारलेले आहे. १६७३ मध्ये काल्पनिक रुग्णाची भूमिका करीत असताना त्याला आचके आले. तरीही प्रयोग पूर्ण करून त्याच रात्री तो मरण पावला. नटाच्या व्यवसायाचा त्याने विधिपूर्वक त्याग केला नसल्यामुळे चर्चने दफनविधी नाकारला. अखेर राजाच्या मध्यस्थीने रात्रीच्या वेळी त्याचे दफन झाले.