हार्ड डिस्कमधील आघातजन्य बिघाड

हार्ड डिस्कमधील आघातजन्य बिघाड म्हणजे लॅपटॉप पडल्यामुळे, आपटल्यामुळे किंवा त्याला जोराचा धक्का बसल्यामुळे त्यातील हार्ड डिस्कच्या यांत्रिक अथवा विद्युत भागांना झालेली इजा होय. हा बिघाड लगेच दिसून येतोच असे नाही. पडलेला लॅपटॉप काही दिवस सुरळीत चालून नंतर अचानक बंद पडू शकतो. निदानासाठी केलेली दीर्घ चाचणी इजा झालेल्या डिस्कवर अधिक ताण आणते. त्यामुळे आधी माहितीची प्रत काढणे व नंतर सखोल तपासणी करणे हा क्रम महत्त्वाचा मानला जातो.

रचना आणि कारणे

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेल्या एक किंवा अधिक तबकड्या असतात. लॅपटॉपमधील २.५ इंची डिस्कमध्ये त्या सामान्यतः मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे या वेगाने फिरतात. माहिती वाचणारी व लिहिणारी शीर्षे (हेड) पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगतात. डिस्क चालू असताना धक्का बसल्यास शीर्ष तबकडीवर आदळून चुंबकीय थर खरवडला जाऊ शकतो. या प्रकारास 'हेड क्रॅश' म्हणतात. खरवडलेले कण बंदिस्त पेटीत पसरून इतर भागांनाही इजा करतात व बिघाड वाढत जातो.

लॅपटॉप बंद असताना बहुतेक २.५ इंची डिस्कमधील शीर्षे तबकडीबाहेरील उतरत्या आधारावर विसावलेली असतात. त्यामुळे चालू डिस्कपेक्षा बंद डिस्क अधिक धक्का सहन करते. उत्पादकांच्या तपशिलांत ही क्षमता चालू स्थितीत साधारणतः ३५० ते ४०० जी, तर बंद स्थितीत ९०० ते १,००० जी अशी दिलेली आढळते. येथे 'जी' म्हणजे गुरुत्वीय त्वरणाची पट होय.

७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून वस्तू खाली पडण्यास सुमारे ०.३९ सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत पडणे ओळखून शीर्षे सुरक्षित जागी नेणारी यंत्रणा आयबीएमने २००३ मध्ये थिंकपॅड लॅपटॉपमध्ये, तर ॲपलने २००५ मध्ये आपल्या लॅपटॉपमध्ये आणली.

लक्षणे

* ठरावीक अंतराने येणारा टकटक आवाज: शीर्षांना तबकडीवरील स्थाननिदर्शक खुणा वाचता येत नसल्याचे हे सामान्य लक्षण आहे.
* खरखर किंवा घासल्याचा आवाज: शीर्ष तबकडीला स्पर्श करत असण्याची शक्यता असते.
* तबकडी न फिरता येणारा बारीक गुणगुण किंवा बीपसदृश आवाज: शीर्ष तबकडीला चिकटलेले अथवा मोटर अडकलेली असू शकते.
* आवाज नसणे व डिस्क ओळखली न जाणे: जोडणी सैल झाली असणे किंवा विद्युतपट्टीत दोष असणे संभवते.
* विशिष्ट फाइल उघडताना संगणक थबकणे: काही सेक्टर वाचता येत नसल्याचे हे लक्षण असते.

निदान

पहिल्या तीन प्रकारचे आवाज येत असल्यास डिस्क तत्काळ बंद करणे इष्ट असते. आवाज नसल्यास प्रथम वीज तोडून जोडणी तपासली जाते. त्यानंतर डिस्कने स्वतः नोंदवलेली 'स्मार्ट' माहिती स्मार्टसीटीएल किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो यांसारख्या आज्ञावलींद्वारे वाचतात. या वाचनाने डिस्कवर फारसा ताण येत नाही. त्यातील ५ क्रमांकाची नोंद बदली दिलेल्या सेक्टरांची, १९७ क्रमांकाची संशयास्पद सेक्टरांची, तर १९८ क्रमांकाची दुरुस्त न होणाऱ्या सेक्टरांची संख्या सामान्यतः दर्शवते. केवळ १९९ क्रमांकाची संख्या वाढत असल्यास दोष बहुधा केबल किंवा जोडणीत असतो. काही डिस्क १९१ क्रमांकाखाली बसलेल्या धक्क्यांचीही नोंद ठेवतात.

या नोंदी निर्दोष असणे ही डिस्क सुस्थितीत असल्याची हमी नव्हे. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या डिस्क विदाकेंद्रांतील होत्या, पडलेल्या लॅपटॉपमधील नव्हत्या. तरीही निकामी झालेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये, तापमान वगळता, कोणतीही पूर्वसूचना नोंदली गेली नव्हती. उलट, तपासणीत पहिली त्रुटी आढळलेल्या डिस्क पुढील ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता त्रुटी नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती.

माहितीचे रक्षण

डिस्क ओळखली जात असून असामान्य आवाज नसल्यास सर्वांत आवश्यक फाइल प्रथम अन्य साधनावर उतरवल्या जातात. वाचनात अडथळे येत असल्यास जीएनयू डीडीरेस्क्यू ही आज्ञावली वापरतात. ती आधी सुस्थितीतील भागाची प्रत काढते व अवघड भागाकडे नंतर वळते. कोणता भाग वाचला गेला याची नोंद ठेवत असल्याने अर्धवट राहिलेले काम पुढे चालू ठेवता येते. चेकडिस्कसारख्या दुरुस्ती आज्ञावली मूळ डिस्कवरच बदल करतात, म्हणून प्रत काढण्यापूर्वी त्या चालवणे धोक्याचे असते.

डिस्क थंड करण्यासाठी फ्रीझरमध्ये ठेवल्यास आत दव जमण्याचा धोका असतो, तर घरी उघडल्यास धुळीचे कण तबकडीवर बसतात. अशा डिस्कमधील माहिती परत मिळवण्याचे काम धूळविरहित कक्षात केले जाते. तबकडीवरील चुंबकीय थरच नष्ट झाला असल्यास त्या भागातील माहिती परत मिळत नाही.