तबकडीवर न चढलेला आवाज

ग्रामोफोनचा इतिहास सांगणारे कर्ण्यापासून सुरुवात करतात. मी लाखेपासून करतो. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी लाखेची. छोटा नागपूरचे आदिवासी ही लाख पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या फांद्यांवरून खरवडायचे. १९०२ साली गैसबर्ग नावाच्या साहेबानं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं टिपलं. तबकड्या छापल्या जर्मनीत, हॅनोव्हरला. १९०८ पासून कलकत्त्यातच कारखाना निघाला. घाम आदिवासींचा. आवाज कुणाचा? ज्याचा खपेल त्याचा. फोनो वाड्यात वाजायचा, महारवाड्यात कुणाकडं होता? बालगंधर्व तबकडीवर आले, चांगलं झालं, मीही ऐकतो. पण दोस्तहो, आपला जलसा?

मी सूतगिरणीत कामाला. ग्रीस, स्प्रिंग, बेअरिंग रोजचंच. म्हणून सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या भंगारवाल्यांकडं मेलेले फोनो उघडून बसतो. बहुतेकदा रोग एकच, स्प्रिंगच्या डब्यातलं ग्रीस सुकून दगड झालेलं. ते खरवडायचं, नवं भरायचं. साऊंडबॉक्सचा अभ्रकाचा पडदा तडकला असेल तर बदलायचा. तबकडी पुसायला स्पिरिट कधीच नको, लाख विरघळते. साबणाचं पाणी, मऊ फडकं, लेबल कोरडं ठेवायचं. पोलादी पिन दर बाजूला नवी. नाहीतर तीच रेघा खाते.

अशा ढिगांतून नाट्यपदं निघाली, भजनं निघाली, सनईसुद्धा निघाली. आंबेडकरी जलशाची एक तबकडी मला मिळाली नाही.

२ मार्च १९३० ला याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढं आपल्या जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. बाज तमाशाचाच, पण गौळण टाकून दिलेली. त्या वेळी यंत्र नव्हतं म्हणाल तर खोटं. मायक्रोफोनवरचं रेकॉर्डिंग १९२५ लाच आलं होतं. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची आणि जलसा रात्रभराचा, हेही कारण पुरत नाही. नाटकं नाही का सात-आठ तबकड्यांत तोडून विकली? गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच.

कर्डकांनी १९७८ साली जलशांवर पुस्तक लिहिलं, म्हणून शब्द उरले. चाल कागदावर कशी उरणार? १९५५ ला बी.बी.सी.नं बाबासाहेबांची मुलाखत टिपली, म्हणून तो आवाज आज कानावर येतो. तेही विलायतेनं टिपलं तेव्हा!

आपल्या वस्तीत यंत्र शिरलं ते कॅसेटच्या रूपानं, सत्तर-ऐंशीच्या दशकांत. देशवंडीचे वामनदादा कर्डक तेव्हा घराघरात वाजले. त्या कॅसेटी आता माळ्यावर आहेत. फितीला बुरशी धरते, फीत चिकटते, ओढली की तुटते. जोराने फिरवू नका. आधी हातानं, पेन्सिल घालून सैल करा. एकदा नीट वाजली की लगेच उतरवून घ्या, दुसऱ्यांदा वाजेल याचा भरवसा नाही.

सिन्नरकडच्या एका आजीला बापाच्या जलशातलं एक गाणं येतं. मोबाईलवर टिपलं. तिसऱ्या कडव्यात तिला खोकला आला, तोही राहू दिलाय. चौथं आठवेना. तिच्या धाकट्या बहिणीला येतं म्हणे, ती मनमाडला असते.