पडझडीचा हिशेब



अद्भुत कादंबऱ्यांतला एक प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. नायक घोडा दामटीत अरण्यात शिरतो आणि हजार वर्षांपूर्वी ओस पडलेली नगरी त्याच्यासमोर उभी राहते. महालाचा दरवाजा ढकलताच कुरकुरत उघडतो. आत सिंहासन असते, भिंतीवर तलवार लटकत असते, पेटीत पोथी असते. अलीकडचे चित्रपटही या बाबतीत त्या कादंबऱ्यांच्या पुढे गेलेले नाहीत. मी एकलहऱ्याचा, वीजकेंद्राच्या सावलीत राहणारा आणि निम्मे आयुष्य युनियनच्या कामात घालवलेला मनुष्य. लोखंड, लाकूड, वीट यांची ओळख कामगारांच्या संगतीत झाली आणि इतिहासाची वाचनालयात. त्यामुळे असे काही वाचले की मला नगरीच्या वैभवाआधी त्या दरवाजाच्या बिजागऱ्या आठवतात. हजार पावसाळे त्यांना तेल कोणी घातले?

आपल्याकडील मातीच्या भिंतींच्या घराचे उदाहरण घ्या. त्याचे सारे आयुष्य माळवदावर अवलंबून असते. पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती टाकून ती चोपली नाही की पाणी झिरपते, तुळई कुजते, उरलेले वाळवी पाहते. एकदा छप्पर बसले, की उघडी पडलेली मातीची भिंत दहापंधरा पावसाळ्यांहून अधिक क्वचितच काढते. दगडी बांधकाम अधिक तग धरते हे खरे, पण तेथे दुसरा शत्रू असतो. पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे बी सांध्यात पडते आणि पुढे त्याचे मूळ पहारीचे काम करते. म्हणजे त्या नायकाला हजार वर्षांनी महाल दिसणार नाही; दिसलेच तर बाभळी उगवलेले एक टेकाड दिसेल, आणि त्याची पांढरी माती शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून शेतात नेलेली असेल.

मात्र गंमत अशी, की जे असे आडवे होऊन गाडले जाते तेच फार काळ टिकते. गोदावरीकाठची आपली मातीची गढी पाहा. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तेथे उत्खनन केले, तेव्हा मराठेशाहीच्या थराखाली सातवाहनकाळ आणि त्याखाली ताम्रपाषाणयुग अशी वस्तीवर वस्ती सापडत गेली. पुणे जिल्ह्यातील इनामगावची तीन हजार वर्षांपूर्वीची घरे तर कुडाची आणि मातीची. तरी त्यांच्या जमिनी, चुली, धान्याच्या कणग्यांच्या जागा आणि कुजून गेलेल्या खांबांचे खळगे १९६८ नंतरच्या उत्खननांत स्पष्ट मिळाले. खांब गेला, खांबाचे भोक राहिले! आणि खापरे तर सर्वत्रच. भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही, आणि फुटल्यावर ती कोणी चोरीतही नाही.

कोणी म्हणेल, कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी कमानी आहेत त्या दोन हजार वर्षे कशा राहिल्या? त्या राहिल्या, कारण डोक्यावर अखंड कातळ आहे आणि पावसाचा थेंब तेथवर पोहोचत नाही. दिल्लीचा लोहस्तंभही सोळाशे वर्षे उभा आहे. त्याच्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण अधिक असल्याने गंजाचा जो पहिला पातळ थर बसला, तोच त्याचे कवच झाला. ही उदाहरणे खरी आहेत, पण बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

इतका वेळ मी पाऊस, वाळवी आणि पिंपळ यांच्यावरच सारा आरोप ठेवला. खरा मोठा वाटा माणसाचा आहे. आपल्या जिल्ह्यातील किल्ल्यांच्या वाटा आणि पायऱ्या काळाने मोडल्या असे आपण सहज म्हणतो. त्यांपैकी पुष्कळ १८१८ मध्ये इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या. आणि जेथे सुरुंग लागत नाही तेथे गरज लागते. घडवलेला दगड पाहिला की खालच्या गावाला आपल्या विहिरीची आठवण होते. यात दोष देण्यासारखे काही मला दिसत नाही.

या जिल्ह्यातील एक कारखाना बंद पडल्यावर त्याचे काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे; नाव घेण्याचे कारण नाही. पहिल्याने तांब्याच्या केबली गेल्या, मग मोटारी, मग पत्रे. लोखंडी कैच्या गॅस कटरने कापून भंगारात विकल्या. शेवटी चौकटी आणि विटाही गेल्या. दोन वर्षांनी जागेवर उरले ते यंत्रांचे काँक्रीटचे पाये, कारण ते उचलण्याचा खर्च निघत नव्हता. पण ऑफिसचे पत्रे निघाले तेव्हा कपाटे आतच होती, आणि त्या पावसाळ्यात हजेरीपटांचा लगदा झाला. ग्रॅच्युइटीचे दावे उभे राहिले त्या वेळी मालकाच्या बाजूने पहिला प्रश्न आला, ‘नोकरीचा पुरावा?’ ज्यांच्या बायकांनी पगाराच्या चिठ्ठ्या धान्याच्या डब्यात जपल्या होत्या त्यांचे निभावले.

आमच्या एकलहऱ्याचा हिशेबही असाच मांडता येतो. येथील पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले; आज ते सेवेत नाहीत. दोन हजार वर्षांनी येथे कोणी खणू लागला तर त्याला काय मिळेल? लोखंड नाही, ते वितळून दुसरीकडे गेलेले असेल. उंच चिमणीही नाही. काँक्रीटच्या पोटातील सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फुटते. रोममधील पँथिऑनचा काँक्रीटचा घुमट एकोणीसशे वर्षे राहिला, त्याचे एक कारण त्याच्या पोटात सळई नाही हे होय. येथे राहील ती बंधाऱ्यातील राख, आणि चिनीमातीच्या इन्सुलेटरच्या खापऱ्या.

चांदी मात्र कधी कधी जागेवर राहते, तिचा धनी परत आला नाही तर! येथून खाली गोदावरीकाठीच जोगलटेंभी आहे. तेथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. ती क्षत्रप नहपानाची, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. पुरणारा परतला असता तर ती केव्हाच आटली असती.

याच नहपानाचा जावई उषवदात याचा लेख पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात आहे. माझ्यासारख्या युनियनच्या माणसाला तो फार जवळचा वाटतो. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्या काळच्या कारागिरांच्या संघांकडे, त्याने तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करावयाचे नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. करून पाहा: महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बारा. एकोणीसशे वर्षांनंतर हिशेब पैशाचाही चुकत नाही. दुसऱ्या एका लेखात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी, विष्णुदत्ता नावाच्या शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी ठेवलेल्या ठेवी आहेत. त्या स्वीकारणाऱ्या श्रेणींत तेली आहेत आणि पाण्याची यंत्रे करणारेही आहेत. त्यांचे माग, घाणे, यंत्रे यांतील काडीही उरलेली नाही.

उषवदाताच्या लेखात एक कलम आहे. हे सर्व निगमसभेत वाचून दाखविले आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदविले, असे ते सांगते. म्हणजे अस्सल दप्तर होते गावात, फलकावर. डोंगरात आहे ती त्याची दात्याने कोरविलेली प्रत. ठेव कोणाची, किती आणि कशासाठी हे दात्याला हवे होते तेवढे त्या प्रतीत आले. त्या दोन श्रेणींत माग किती होते, त्यांवर कोण बसत असे, वर्षाचे ते दोनशे चाळीस कोणाच्या मजुरीतून निघत, हे लेण्यात नाही. असेल तर ते फलकावर असेल.