कातर रे भाजी!

एल.टी.सी. घेऊन गोव्याला गेलेल्या माणसाने काय काय पाहावे, हे आधीच्या एल.टी.सी.वाल्यांनी ठरवून ठेवलेले असते. आम्हीही ती यादी इमानेइतबारे खोडत चाललो होतो. पणजीत मांडवीकाठच्या रस्त्याने जाताना जुन्या सचिवालयापाशी, म्हणजे मूळच्या आदिलशहाच्या वाड्यापाशी, सौ. एकदम थबकली.

"अहो, हा त्या बाईचा गळा दाबतोय की काय? तोसुद्धा भर रस्त्यात?"

मी पाहिले. पायघोळ झग्यातला एक पाद्री हात ताणून पुढे झुकलेला आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कलंडलेली. बावीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला वाटले, बाईंनी नुकताच कर्जावरच्या व्याजाचा दर ऐकला असावा!

दोघेही चुकलो. हा आबे फारिया. रामचंद्र पांडुरंग कामत या शिल्पकाराने १९४५ साली घडवलेला. पाद्रीबाबा गळा दाबत नाहीत, बाईला संमोहित करताहेत.

१७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा मुलगा १७७१ साली वडिलांबरोबर पोर्तुगालला गेला आणि पुढे रोममध्ये शिकून पाद्री झाला. इथपर्यंतचा हिशेब चोख. पण गोव्यात त्याची जी गोष्ट तोंडोतोंडी चालत आली आहे, ती निराळीच. पोर्तुगालच्या राणीने म्हणे त्याला आपल्या खासगी चर्चमध्ये प्रवचनाला बोलावले. समोर राणी, भोवती सरदार-दरकदार. फारिया व्यासपीठावर चढला आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. तेव्हा खाली बसलेले वडील आपल्या कोकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" एवढे ऐकले मात्र, पठ्ठ्या असा बोलत सुटला की ज्याचे नाव ते.

ही गोष्ट ऐकून सौ. हसली. मी हसलो नाही. कारण त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी आमचे हेड कॅशियर निवृत्त झाले होते. मी नवा असताना माझ्या काउंटरला पाच हजार कमी आले, तेव्हा रात्री साडेनऊपर्यंत माझ्याबरोबर एकेक व्हाउचर उलटणारा हा माणूस. निरोप समारंभात त्यांच्याबद्दल मी बोलायचे होते. भाषण चार दिवस पाठ केले होते. उभा राहिलो, "काका..." म्हणालो आणि बसलो. लोकांना वाटले, गहिवर आला. गहिवर कसला, समोर रीजनल मॅनेजर होते! मला भाजी दिसलीच नाही.

फारिया मात्र वडिलांच्या त्या दोन शब्दांचा अर्थ जन्मभर शोधत राहिला असावा, असे मला वाटते. १८१३ साली पॅरिसमध्ये त्याने संमोहनाचे वर्ग काढले. प्रवेश फी पाच फ्रँक. त्या काळचे दुसरे जादूगार सांगत, आमच्या अंगातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि समोरचा झोपतो. फारिया म्हणाला, द्रव वगैरे सगळे झूट. तो फक्त "झोपा!" म्हणायचा, झोप यायची ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून. पोटाची खळगी भरणारा गूढपणा माणसाने आपण होऊन टाकला! पॅरिसने त्याची नाटकातून टर उडवली. १८१९ साली त्याचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. मग अलेक्झांडर ड्यूमाने 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'त त्याला इटालियन करून तुरुंगात टाकले. त्याचे म्हणणे खरे होते, हे डॉक्टरांना पटले ते फार पुढे.

म्हणजे राणीपुढे जीभ अडकवणारी भीती राणीकडून आलीच नव्हती, आणि सुटका करणारी शक्ती वडिलांकडून आली नव्हती. दोन्ही त्याच्याच जवळ होत्या. वडिलांनी फक्त चावी फिरवली.

गोव्याहून आल्यावर काजूचा पुडा घेऊन मी काकांच्या घरी गेलो. राणी नाही, रीजनल मॅनेजर नाही. खुर्चीत बसूनच त्या रात्रीची, त्या पाच हजारांची सगळी गोष्ट सांगितली. जीभ एकदाही अडली नाही. काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग आत पाहून म्हणाले, "अगं, हा जेवूनच जाईल हो!"

वहिनी विळीवर बसल्या होत्या. खरोखरची भाजी चिरत होत्या.