पावसाळ्यांत ठेवलेला घोडा

आमच्या घरांत एका तट्टाची गोष्ट तीन पिढ्या सांगितली जात आहे. १९४० च्या सुमारास माझे आजोबा, आज ज्याला गोंदिया जिल्हा म्हणतात त्या मुलखांत, फिरतीची नोकरी करीत. हा जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला; आजोबांच्या लेखीं मात्र तो सारा भंडाराच. हिवाळ्यांत आमगांव, सालेकसा, देवरी या बाजूंची त्यांची रपेट एका ठेंगण्या तांबूस तट्टावर होई. पावसाळा लागला, नाले भरले आणि धानाच्या बांध्यांतून वाट राहिली नाहीं, म्हणजे फिरती बंद पडे. मग आजोबा कचेरींत बसत आणि तट्टू गोंदियांतील एका तबेलेवाल्याकडे महिन्याच्या ठरावानें राही. चंदीला हरभरा, वेळच्या वेळीं वैरण आणि रोजचा खरारा असा तो ठराव होता. नालबंदीचे पैसे निराळे.

एके वर्षीं आश्विनांत आजोबा तट्टू आणावयास गेले, तों त्याची कांति गेलेली, मागचे पाय ओढल्यासारखे पडत असलेले, आणि चार पावलें दौडवतांच त्याच्या घशांतून शिटीसारखा आवाज येऊं लागला. तबेलेवाला म्हणाला, “साहेब, यंदा पाऊस फार झाला, जनावराला हवा मानवली नाहीं.” आजोबांनीं कांहीं न बोलतां तोबरा उलटा केला. त्यांतून हरभरा पडला नाहीं, लाखोडी पडली.

शहरांतील श्रोत्यांना लाखोडीची ओळख करून दिली पाहिजे. धान कापणीला येण्यापूर्वीं त्याच ओलसर बांधींत हें कडधान्य फेंकतात. नांगरट नको, पाणी नको, आणि हरभऱ्यापेक्षां स्वस्त. तिची डाळ त्या भागांत घरोघर खाल्ली जाई. परंतु महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून ती पोटांत गेली, तर पायांतील शक्ति जाते. सागर प्रांतांत १८२९ नंतरच्या वाईट वर्षांत अशीं पांगळीं झालेलीं माणसें स्लीमन यांनीं पाहिलीं आणि १८४४ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यांची हकीकत लिहिली. घोडा तर या दाण्याला विशेष हळवा. त्याच्या कंठाचे स्नायु लुळे पडतात, श्वासनळीचें द्वार पुरतें उघडत नाहीं, आणि दौडतांना तो शिटीचा आवाज येतो. म्हणजे दाण्यामागें कांहीं आणे वांचविण्यासाठीं त्या गृहस्थानें एक उमदें जनावर निकामी केलें होतें.

दुसऱ्याच्या घरीं घोडा ठेवण्याच्या व्यवहारांत येथेंच घोडें पेंड खातें. पैसे देणारा दूर असतो, खाणाऱ्याला बोलतां येत नाहीं, आणि मधला मनुष्य जें सांगेल तें मानावें लागतें. ही तक्रार आजोबांच्या काळची नव्हे. राज्यें चालविणाऱ्यांनींहि ती केलेली आहे.

कौटिल्याचें अर्थशास्त्र शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें. त्यांत अश्वाध्यक्षावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. घोडा कोठून आला, याप्रमाणें त्याची नोंद करावयाची: विकत घेतलेला, लढाईंत मिळालेला, घरच्या पैदाशीचा, गहाण पडलेला, आणि, आपल्या विषयाशीं ज्याचा संबंध आहे तो, कांहीं काळापुरता ठेवलेला. प्रत्येकाचें कूळ, वय, रंग आणि खुणा वहींत चढवावयाच्या. पुढें दंड सांगितले आहेत. उपचारांत हयगय होऊन दुखणें वाढलें, तर उपचारखर्चाच्या दुप्पट दंड. त्या चुकीनें जनावर दगावलें, तर त्याची पुरी किंमत. आजोबांना हा नियम ठाऊक असता, तर त्यांनीं तो तबेल्याच्या दारावर लिहवून घेतला असता!

मुसलमानी अमदानींत निराळा उपाय निघाला. अल्लाउद्दीन खिलजीनें घोड्यांना डाग देण्याची चाल पाडली आणि अकबरानें १५७३–७४ च्या सुमारास ती पुन्हां कडकपणें सुरू केली. घोड्यावर डाग आणि स्वाराचा चेहरा दप्तरांत. कारण उघड होतें. हजिरीच्या दिवशीं उसनीं तट्टें आणून उभीं करावयाचीं आणि एरवीं चंदीचे पैसे खिशांत घालावयाचे, हा सरदारांचा धंदाच झाला होता. डागामुळें घोडा बदलण्याला आळा बसला. त्याच्या पोटांत काय गेलें हें मात्र डाग सांगत नाहीं.

तें पाहण्याची दृष्टि शिवछत्रपतींच्या ठिकाणीं होती. त्यांच्या घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. बारगीर सरकारी पागेंतील घोड्यावर बसे. दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद असल्याचें सभासद सांगतो, आणि पावसाळी छावणीसाठीं दाणा, वैरण, औषधें यांची तजवीज आगाऊ होत असल्याचेंहि सांगतो. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाजवळ हळवर्ण येथें पागा होती. तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना महाराजांनीं धाडलेलें पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा, कीं पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणा व गवत आतांच मन मानेल तसें उडवाल, तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं मरूं लागतील, आणि तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्ही रयतेच्या घरांत शिराल आणि तिला वाटेल कीं याहून मोगल बरे. रात्रीं दिवा जळत ठेवूं नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल, इतकी बारीक सूचना त्यांत आहे. उंदराचा विचार करणारा राजा मला तरी दुसरा आठवत नाहीं.

बारगिराला घोडा सरकारचा, म्हणून त्याची माया कमी. शिलेदाराला घोडा स्वतःचा, म्हणून तो लढाईंत जपून चाले, कारण घोडा पडला कीं पोट गेलें. या दोन टोकांमध्यें मराठ्यांचें घोडदळ हेलकावत राहिलें. नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांबरोबर १७४२ सालीं बंगालांत शिरली, तेव्हां तेथील लोकांनीं बारगीर या शब्दाचें ‘बर्गी’ केलें आणि तो धाकाचा शब्द अंगाईगीतांत जाऊन बसला. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा एवढाच ज्याचा अर्थ, तो शब्द शेंकडों कोस दूर लेंकरें निजविण्याच्या कामीं यावा, हा दैवाचा विनोद! शिलेदार हा शब्दहि फुकट गेला नाहीं. इंग्रजांच्या हिंदी रिसाल्यांत त्याच नांवाची पद्धत रुजली. स्वारानें घोड्याची रक्कम भरावयाची आणि जनावराचा सांभाळ पगारांतून करावयाचा. पहिल्या महायुद्धांत दूरदेशीं मेलेल्या घोड्यांची भरती तींतून होईना, तेव्हां ती युद्धानंतर मोडीत निघाली.

आपलें तट्टू मात्र गोंदियाच्या तबेल्यांतच राहिलें आहे. आजोबांनीं तबेलेवाल्याशीं भांडण केलें नाहीं. आश्विनाचा ठराविक पैसा हातावर ठेवून त्यांनीं लगाम हातीं घेतला आणि तट्टाला चालवीत, स्वतःहि पायींच चालत, मुक्कामावर आणलें. सालोत्र्यानें तपासून सांगितलें, चालेल, पण ओझें वाहणार नाहीं. तें पुढें सात वर्षें जगलें. पावसाळ्यांत त्याचें ठाण आमच्या पडवींत असे, आणि आजी लीद काढतांना दोघांच्याहि नांवानें बोटें मोडी. चंदीचा हरभरा मात्र ती स्वतः निवडी; त्यांत लाखोडीचा एक दाणा सांपडला, तरी सूप वाण्याकडे परत जाई.