ग्रामीण शाळा, नागपूर जिल्हा : अध्यापनपद्धती व साहाय्ययोजना

नागपूर जिल्ह्यातील १३ पंचायत समित्यांच्या क्षेत्रात चालणाऱ्या, मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक व उच्च प्राथमिक शाळा. त्यांतील शिकवण्याच्या रीती आणि त्यांना मिळणारे साहाय्य. साहाय्ययोजनांमुळे मूल शाळेत येते व टिकते. ते वाचू-लिहू लागते की नाही, हे मात्र शिक्षक त्याला कोठून शिकवायला सुरुवात करतो यावर ठरते. या शाळांच्या वाटचालीत हा फरक वारंवार दिसतो.

परिसर : काटोल-नरखेडचा संत्रापट्टा, सावनेर व उमरेडच्या कोळसा खाणी, रामटेक-पारशिवनीतील पेंच जंगलालगतची गोंड गावे असे जिल्ह्याचे वेगवेगळे भाग आहेत. घरी नागपुरी वळणाची वऱ्हाडी, गोंडी किंवा हिंदी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, अशी अनेक मुलांची स्थिती असते. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठी मुले शेतावर जातात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबतात. वीटभट्ट्यांवर आणि दगडखाणींवर येणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामापुरतीच एका गावी असतात. कडक उन्हामुळे विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात.

पूर्वपीठिका : मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर असताना, १९३७ मध्ये शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नातून गावची शाळा व शिक्षकाचे वेतन चालावे, अशी तिची कल्पना होती. त्याच वर्षी २२ व २३ ऑक्टोबरला वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकिर हुसेन समिती आणि हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणारी नई तालीम पुढे आली. विद्यामंदिरांच्या शिक्षकांसाठी १९३८ मध्ये वर्ध्यात प्रशिक्षण शाळा सुरू झाली. नावावरून झालेला विरोध आणि १९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळाने दिलेला राजीनामा यांमुळे योजनेचा जोर ओसरला. तरी शाळेचा खर्च आणि शिकवण्याची रीत यांचा एकत्र विचार करण्याचा तो महत्त्वाचा प्रयत्न होता. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या.

साहाय्ययोजना : १९८७ च्या खडू-फळा मोहिमेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक व शैक्षणिक साहित्य देण्याचे उद्दिष्ट ठेवले. १५ ऑगस्ट १९९५ पासून पोषण आहाराची योजना आली. आरंभी धान्य वाटले जाई, पुढे शाळेतच अन्न शिजू लागले. सर्व शिक्षा अभियानातून वर्गखोल्या, स्वच्छतागृहे व मोफत पाठ्यपुस्तके मिळाली. २०१८ मध्ये ते समग्र शिक्षा अभियानात विलीन झाले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असणे बंधनकारक झाले. या उपायांमुळे गरीब घरांवरचा खर्चाचा भार हलका झाला.

अध्यापनपद्धती : फळ्यावरचे उतरवून घेणे आणि एका सुरात पाढे म्हणणे ही जुनी रीत. तिच्यात मागे पडलेले मूल पुढच्या इयत्तेत जाते, पण त्याचे अडलेले वाचन तसेच राहते. यावरचा उपाय ‘प्रथम’ या संस्थेच्या मुंबई आणि बडोदा येथील ‘बालसखी’ कार्यक्रमात दिसला. मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांना स्थानिक तरुणींनी रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मुलांची प्रगती स्पष्टपणे नोंदली गेली. तो प्रयोग शहरी शाळांतला होता. इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीनुसार गट करण्याची पद्धत मात्र पुढे खेड्यांतही वापरली गेली.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. फरशीवर आखलेले तक्ते, मणी, काड्यांचे गठ्ठे, शब्दपट्ट्या यांच्या साहाय्याने मुले स्वतः संख्या व शब्द घडवू लागली. मात्र फरशी रंगवली म्हणजे पद्धत बदलली असे होत नाही. मुलाचे उत्तर चुकले की ते कोणत्या विचाराने चुकले हे शिक्षकाने ऐकून घेणे, हा या पद्धतीचा गाभा आहे. २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीपर्यंत पायाभूत वाचन व अंकज्ञान हे लक्ष्य ठरवले.

लहान शाळांचा प्रश्न : शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंत दोन शिक्षक मिळतात, म्हणजे पहिली ते पाचवीचे पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे. त्यातला एक शिक्षक निवडणूक, सर्वेक्षण किंवा ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतला की उरलेल्या एकावर सगळी शाळा येते. अशा ठिकाणी बहुवर्ग अध्यापनाचे खास प्रशिक्षण आणि केंद्रप्रमुखाने वर्गात बसून केलेले मार्गदर्शन आवश्यक ठरते. गोंडी किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलांसाठी पहिल्या दोन वर्षांत घरच्या भाषेचा आधार लागतो. तो नसला की मुलाच्या गप्प राहण्याला मंदपणा समजले जाते.

२०२३ मध्ये शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार मांडला. त्यातून विषयवार शिक्षक आणि बरोबरीची अधिक मुले मिळू शकतात. पण कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. जंगलातल्या वाटा आणि पावसाळी नाले असलेल्या रामटेक-पारशिवनीसारख्या भागात हे अंतर वाढले, तर त्याचा पहिला फटका मुलींच्या शिक्षणाला बसतो. गावातली लहान शाळा टिकवून तिथल्या दोन शिक्षकांना बहुवर्ग अध्यापनासाठी सक्षम करणे, ही या भागाची खरी गरज आहे.